कुकरची शिट्टी, बागेतला ब्लोअर आणि साठ हजारांची यादी

तासगाव तालुक्यातल्या एका आईने पाठवलेले पत्र थोडे संक्षिप्त करून येथे देत आहे.

"माझा मुलगा साडेपाच वर्षांचा आहे. दीड वर्षापूर्वी पुण्यात त्याला ऑटिझम (स्वमग्नता) असल्याचे सांगितले. तो वीसेक शब्द बोलतो. मिक्सर किंवा कुकरची शिट्टी ऐकली की कान झाकून किंचाळतो. केस कापताना तिघांनी धरावे लागते. दहीभात आणि एकाच कंपनीची बिस्किटे, याशिवाय काही खात नाही. दिवसभर धावत जाऊन सोफ्यावर, भिंतीवर अंग आपटतो. घरामागेच आमची दीड एकर द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर तर तो फारच बिघडला आणि शाळेत बाईंना चावला. एका डॉक्टरांनी शांत राहण्यासाठी गोळी सुचवली आहे, पण आम्हाला औषध नको वाटते. आठवड्यातून दोनदा मी त्याला एसटीने सांगलीला थेरपीसाठी आणते. तेथे झोपाळा, वजनदार पांघरूण, ब्रश, दिवे अशी साठ हजारांची यादी हातात दिली आहे. सासूबाई म्हणतात, दृष्ट लागली आहे, वैदूची पुडी सुरू करू. ऋषिपंचमीला रथोत्सवात त्याने भर रस्त्यात लोळण घेतली, सगळे बघत होते, आणि मी त्याला मारले. ते डोळ्यांपुढून जात नाही. औषधाशिवाय घरी आम्ही काय करावे?"

सप्रेम नमस्कार.

ताई, तुमच्या पत्रातली बरीचशी वाक्ये मी गेली तीस वर्षे सांगलीत ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून, म्हणजे रोजची कामे जमावीत यासाठी उपचार करताना, वेगवेगळ्या आयांच्या तोंडून ऐकलेली आहेत. एका वाक्यापाशी मात्र मी थांबले. ऑक्टोबर छाटणीनंतर तो फार बिघडला, हे तुम्ही जाता जाता लिहिले आहे. मला ते सगळ्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य वाटते. छाटणी झाली की फवारण्या सुरू होतात, आणि वारा पडलेला असतो म्हणून ट्रॅक्टरमागचे फवारणीचे यंत्र, म्हणजे ब्लोअर, बहुधा भल्या पहाटे बागेत शिरते. ज्या मुलाला कुकरची एक शिट्टी सोसत नाही, त्याच्या उशापासून पन्नास पावलांवर ट्रॅक्टरचे इंजिन आणि ब्लोअरचा पंखा तासभर गरजत असेल, तर ते मूल शाळेत पोहोचते तेव्हा त्याची अर्धी झोप गेलेली असते आणि सहनशक्ती जवळपास संपलेली असते. मग वर्गात बाक ओढल्याचा आवाज होतो, बाई हात धरतात आणि तो चावतो. हा माझा अंदाज आहे आणि तो चुकीचाही ठरू शकेल. मात्र तो तपासण्यासाठी साठ हजार रुपये लागत नाहीत, एक शंभर पानी वही लागते. त्या वहीविषयी पुढे लिहिते.

ऑटिझम असलेल्या मुलांना आवाज, स्पर्श, वास वेगळे लागतात, ही काही नव्याने निघालेली गोष्ट नाही. 1943 साली लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञांनी अमेरिकेत अशा अकरा मुलांचे पहिले सविस्तर वर्णन लिहिले, त्यातच व्हॅक्यूम क्लीनर, लिफ्ट, वाहते पाणी आणि अंडी फेटायचे यंत्र यांना ही मुले घाबरतात अशी नोंद आहे. ते यंत्र म्हणजे तुमच्या ओट्यावरच्या मिक्सरचेच भावंड समजा. तरीही निदानाच्या अधिकृत अमेरिकी निकषांमध्ये संवेदनांच्या या वेगळेपणाचा स्पष्ट उल्लेख येण्यास 2013 साल उजाडावे लागले, आणि तोवर कित्येक मुलांच्या कपाळी 'हट्टी' हाच शिक्का बसला.

आपण शाळेत पाच ज्ञानेंद्रिये शिकलो. त्यांच्याशिवाय आणखी तीन जाणिवा या मुलांच्या बाबतीत ध्यानात घ्याव्या लागतात. स्नायू आणि सांधे मेंदूला कळवतात की हात कोठे आहे, पाय कोठे आहे, किती जोर लागला. आतल्या कानातून तोलाची आणि हालचालीची जाणीव होते. आणि भूक, लघवी, पोटदुखी यांची वर्दी शरीराच्या आतून येते. यांपैकी एखादी वाट फार मोठ्याने बोलते, तर एखादी इतकी हळू की ऐकूच येत नाही, आणि एकाच मुलात दोन्ही प्रकार शेजारी शेजारी नांदू शकतात. तुमच्या मुलाचे कान फार ऐकतात, पण स्नायू-सांध्यांकडून येणारी खबर त्याला बहुधा पुरत नाही, म्हणून तो भिंतीवर आपटून ती मिळवतो. हे एकदा उमगले की भिंतीवर आपटू नकोस असे दिवसातून पन्नास वेळा सांगण्यापेक्षा त्याला आपटायला योग्य जागा देणे सोपे जाते.

त्याआधी मात्र एक काम उरकून घ्या. मूल अचानक चावू लागले, आपटू लागले, की त्याचे दात, कान आणि पोट बालरोगतज्ज्ञांकडून तपासून घ्यावे. बिस्किटे खाणाऱ्या आणि ब्रश तोंडात घेऊ न देणाऱ्या मुलाची दाढ किडलेली असणे अगदी शक्य आहे, आणि ज्याच्याजवळ वीसच शब्द आहेत त्याला 'दाढ दुखते' असे सांगता येत नाही. बद्धकोष्ठता, कानातला संसर्ग, जंत, रक्तातले लोह यांचीही तपासणी व्हावी, कारण लोह कमी असेल तर झोप अस्वस्थ होते, आणि दोनच पदार्थांवर जगणाऱ्या मुलाचे लोह कमी असण्याची शक्यता पुष्कळ असते. श्रवणाची चाचणी झालेली नसेल तर तीही करून घ्या. आवाजाला घाबरणाऱ्या मुलाला ऐकू चांगलेच येत असणार, असे गृहीत धरता येत नाही.

आता वही. रोज पाच-सहा ओळींपेक्षा जास्त लिहू नका, नाहीतर चौथ्या दिवशी ती कपाटात जाईल. तारीख आणि वेळ, आधी काय घडले, त्याने काय केले, नंतर काय झाल्यावर तो शांत झाला, एवढे चार रकाने पुरेत. पानाच्या कडेला रात्रीची झोप, शौचास झाली की नाही, आणि तुमच्या बाबतीत मुद्दाम, त्या दिवशी ब्लोअर चालला की नाही, हे लिहा. तीन आठवडे असे लिहिल्यावर यजमानांना शेजारी बसवून फवारणीच्या तारखा आणि त्रासाच्या तारखा जुळवून पाहा. द्राक्षबागायतदार फवारणीची नोंद ठेवतोच, त्यामुळे निम्मे काम त्यांच्या वहीत आधीच झालेले असेल. शाळेतल्या बाईंनाही विनंती करा की त्यांनी दप्तरातल्या वहीत रोज एक ओळ लिहावी.

तारखा जुळल्या, तर फवारणी थांबवा असे मी सांगणार नाही. बाग हे तुमचे पोट आहे. फवारणीच्या आदल्या संध्याकाळी त्याला ब्लोअरचा फोटो दाखवून, उद्या हा येणार, आपण पुढच्या खोलीत झोपायचे, असे दोनच वाक्यांत सांगा. बिछाना बागेपासून सर्वांत दूरच्या खोलीत हलवा आणि खिडकीला जाड गोधडी लावा. जवळच्या वस्तीवर नातलग असतील तर फवारणीच्या पहाटे त्याला तेथे उठू द्या. औषधाचा फवारा अंगावर येऊ नये यासाठी तसेही कोणत्याच लेकराने त्या वेळी बागेजवळ असू नये. गोंगाटात काम करणारे कामगार लावतात तसे कान झाकणारे मफ घेऊन ठेवा, पण ते ब्लोअर, मिरवणूक, बँडबाजा अशा वेळेपुरतेच वापरा. दिवसभर कान झाकून ठेवले तर साधा आवाजही मोठा वाटू लागण्याचा धोका असतो.

मिक्सर आणि कुकर यांचे वेगळे आहे, कारण ते तुमच्या हातात आहेत, आणि थोडे त्याच्या हातातही देता येतील. अवचित येणारा आवाज जितका त्रास देतो तितका आपणच बटण दाबून सुरू केलेला आवाज देत नाही. मिक्सर लावण्यापूर्वी 'एक, दोन, तीन' म्हणा, बटणावर त्याचे बोट तुमच्या बोटाखाली ठेवा, दोन सेकंदांत बंद करा. त्याला नको असेल तर अंगणात जाण्याची मोकळीक ठेवा आणि तो गेला तर त्याला परत बोलावू नका. कुकरला प्रेशर येऊ लागले की त्याला सांगून बाहेर जाऊ द्यावे. शिट्टीची सवय लागावी म्हणून मुद्दाम जवळ उभे करणे हा कोणीतरी सुचवलेला उपाय असेल तर तो आजच सोडा.

अंग आपटण्याविषयी लिहिताना मला जनावरांच्या दवाखान्यातला खोडा आठवतो. टेंपल ग्रँडिन या अमेरिकेतल्या पशुविज्ञानाच्या प्राध्यापिका स्वतः ऑटिस्टिक आहेत. तरुणपणी एका नातलग बाईंच्या पशुपालन केंद्रावर त्यांनी पाहिले की खोड्यात दोन्ही बाजूंनी दाबले गेलेले बुजरे जनावर शांत होते, आणि त्यांनी स्वतःसाठी तसेच दाबणारे लाकडी यंत्र बनवले. घट्ट, सगळीकडे सारखा दाब पुष्कळ मुलांना निववतो, आणि हलका, गुदगुल्यांसारखा स्पर्श त्याच मुलांना भाजल्यासारखा लागतो. म्हणून त्याला कुरवाळू नका. जवळ घ्यायचे तर घट्ट घ्या, समोरून या आणि आधी सांगा. नको म्हणाला तर सोडून द्या.

अशा मुलाला जड काम हवे असते, आणि तुमच्या घरात त्याची वानवा नाही. पाण्याची छोटी कळशी हौदापासून मोरीपर्यंत नेणे, कणीक मळणे, ओली चादर आईबरोबर दोन्ही टोकांनी पिळणे, बेदाण्याचे रिकामे खोके ढकलत ओसरीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला नेणे, गाद्यांच्या ढिगावर उड्या मारणे, या सगळ्यांतून स्नायू-सांध्यांना भरपूर खबर पोहोचते. वेळ निवडताना डोके लावा. तो चिडल्यानंतर हे करून फारसा उपयोग होत नाही. शाळेत निघण्याआधी दहा मिनिटे, शाळेतून आल्यावर आणि जेवणाआधी, असे ठरलेल्या वेळी करावे. साडीची झोळी तुळईला बांधली तर एकाच वेळी झोकाही मिळतो आणि अंगभर दाबही. ती जमिनीपासून हातभरच उंच असावी, गाठ आणि तुळई तुमच्या वजनाने आधी तपासावी, कापडाचा पीळ गळ्याशी येता कामा नये आणि त्याला झोळीत एकटे सोडू नये. चेहरा पांढरा पडला, घाम सुटला किंवा उलटीसारखे झाले तर लगेच थांबवा. त्याला कधी फिट आली असेल तर गोल फिरवण्याचे कोणतेही प्रकार डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका.

वजनदार पांघरुणाविषयी स्पष्ट लिहिते. इंग्लंडमध्ये ऑटिझम असलेल्या मुलांवर नीट आखून केलेल्या एका चाचणीत, जिचे निष्कर्ष 2014 साली प्रसिद्ध झाले, मुलांना आणि आईवडिलांना ते पांघरूण आवडले, पण त्याने झोप वाढली नाही. तुमच्या घरात आजीने शिवलेली वाकळ असणारच. ती त्याला आवडते का पाहा. आवडली तर जागेपणी, सोफ्यावर, तोंड उघडे ठेवून आणि स्वतःची स्वतःला बाजूला काढता येईल अशी पांघरू द्या. झोपेसाठी रोज तीच वेळ, तोच क्रम आणि झोपण्यापूर्वी तासभर मोबाईल बंद, यांचा उपयोग जास्त होईल.

यादीतल्या ब्रशबद्दल मला माझीच एक चूक सांगावी लागेल. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मऊ ब्रशने हातपाय घासण्याची पद्धत मी नव्याने शिकले होते आणि येईल त्या मुलाला ती लावत होते. चार वर्षांची एक मुलगी दर वेळी माझा हात ढकलायची, आणि मी तिच्या आईला सांगायची की सवय होईल. तिसऱ्या आठवड्यात ती मुलगी दवाखान्याच्या दारातच उलटी करू लागली. तिला त्या ब्रशची सवय झाली नाही, माझीच भीती बसली. तेव्हापासून मूल जे ढकलते ते मी उपचार म्हणून लादत नाही.

तुम्ही ज्या थेरपीसाठी सांगलीला येता तिला 'सेन्सरी इंटिग्रेशन', म्हणजे संवेदनांचा मेळ घालणारी थेरपी, म्हणतात. तिचा पाया जीन एअर्स या अमेरिकी थेरपिस्टनी घातला; त्यांचे या विषयावरचे मुख्य पुस्तक 1972 सालचे आहे. मी स्वतः हेच काम करते, म्हणून माझ्यावर ही जबाबदारी जास्त आहे की तिची मर्यादाही मीच सांगावी. काही लहान अभ्यासांत तिचा उपयोग दिसला. मात्र ब्रिटनमध्ये 138 मुलांवर झालेल्या मोठ्या चाचणीत, जिचा अहवाल 2022 मध्ये आला, नेहमीच्या सेवेपेक्षा मुलांच्या चिडचिडेपणात किंवा दैनंदिन वागण्यात स्पष्ट फरक आढळला नाही. काही मुलांनी ठरवलेली छोटी उद्दिष्टे मात्र गाठली. याचा अर्थ मी असा घेते की 'संवेदना सुधारणे' हे उद्दिष्ट फार धूसर आहे, आणि 'दोन महिन्यांत केस कापताना एकाच माणसाने धरावे लागेल' हे उद्दिष्ट तपासता येते. तुमच्या थेरपिस्टना विचारा की येत्या आठ-दहा आठवड्यांत नेमके काय बदलायचे आहे, ते कसे मोजणार, आणि मला आत बसून शिकता येईल का. तिसऱ्या प्रश्नाला जेथे नकार मिळतो तेथे मी माझ्या नात्यातले मूल पाठवणार नाही. एसटीचा प्रवास, थकलेले मूल आणि बुडालेली मजुरी यांच्या बदल्यात तुम्हाला घरी करण्यासारखे काही मिळत नसेल, तर आठवड्यातून दोनदा येण्याऐवजी पंधरा दिवसांतून एकदा येऊन शिकून जाणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. यादीतले काहीही तूर्त विकत घेऊ नका.

साठ हजारांच्या यादीत एक गोष्ट नाही, आणि मी ती सर्वांत वर लिहिली असती. तुमच्या मुलाला 'पुरे', 'नको', 'मला बाहेर जायचे आहे' हे सांगण्याचे साधन द्या. वीस शब्दांपैकी हे तीन शब्द आहेत का, ते पत्रात नाही. बहुधा नसावेत, कारण ज्याला पुरे म्हणता येते त्याला चावण्याची गरज कमी पडते. घरातल्याच वस्तूंचे फोटो काढा: पाण्याचा तांब्या, दहीभाताची वाटी, चप्पल, संडासाचे दार, झोळी, आणि 'पुरे' साठी उघडा तळहात. जाड पुठ्ठ्यावर चिकटवून त्याच्या हाताच्या उंचीवर भिंतीला टांगा. त्याने झोळीचा फोटो तुमच्या हातात दिला की त्याच क्षणी झोळी मिळाली पाहिजे. पहिले काही दिवस ताबडतोब, कसलीही अट न घालता. चित्रांची सवय लागली तर तो बोलणार नाही, ही भीती यजमानांना वाटेल. तसे होत नाही; आजवरच्या अभ्यासांत चित्रांमुळे बोलणे मागे पडल्याचे दिसलेले नाही, काही मुलांचे तर वाढलेले आहे.

त्याच्याशी बोलताना आपण फार घाई करतो. तो पंख्याकडे बघत असेल तर समोर बसून तुम्हीही पंख्याकडे बघा, 'पंखा' एवढेच म्हणा आणि मनात दहा आकडे मोजून थांबा. प्रश्न विचारू नका, 'हे काय, ते काय' अशी परीक्षा घेऊ नका. हे इतके साधे आहे की लोक याला उपचार मानत नाहीत. पण गोवा आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत 65 मुलांवर झालेल्या चाचणीत, जिचे निष्कर्ष 2016 साली प्रसिद्ध झाले, हेच तपासले होते. तेथे तज्ज्ञांनी नव्हे, तर प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक आरोग्य कार्यकर्त्यांनी आईवडिलांना मुलाच्या लक्षाबरोबर चालायला शिकवले, आणि त्यानंतर मुले स्वतः होऊन अधिक वेळा संवाद सुरू करू लागली. गोवा आपल्यापासून फार लांब नाही आणि तिथल्या आयाही तुमच्यासारख्याच चुलीपुढून उठून आलेल्या होत्या. रोज दोन वेळा पंधरा मिनिटे, मोबाईल दूर ठेवून, एवढेच करा.

जेवणात बळजबरी नको आणि फसवणूकही नको. दहीभातात भाजी लपवली आणि त्याला कळले, तर हातचा दहीभातही जाईल, मग उरतील फक्त बिस्किटे. दहीभाताच्या शेजारच्या घराकडे चला: त्याच वाटीत तसाच भात, पण दही थोडे पातळ, काही दिवसांनी ताकभात, मग वेगळ्या वाटीत चिमूटभर मेतकूट, जे त्याने नुसते पाहिले किंवा हुंगले तरी त्या दिवसाचे काम झाले. एका वेळी एकच बदल करा आणि तो पंधरा दिवस चालू द्या. वजन घटत असेल किंवा हिरड्यांतून रक्त येत असेल, तर मात्र वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा.

केस कापण्यासाठी रविवारची गर्दी टाळा. दुपारी रिकाम्या वेळी गावातल्या कारागिराला घरी बोलवा आणि पहिल्या खेपेला त्याने केस कापूच नयेत. नुसता कंगवा फिरवून चहा पिऊन जावे. दुसऱ्या खेपेला कात्रीचा आवाज हवेतच. यंत्र नको, ते कवटीवर घुमते. खरे कापायचे त्या दिवशी आधी जड काम, मग तुमच्या मांडीवर घट्ट बसवून मोजून दहा वेळा कात्री, आणि दहा म्हणजे दहाच. अकरावी कात्री लागली की पुढच्या वेळी तो तुमच्या आकड्यांवर विश्वास ठेवणार नाही. दोन दिवस डोके अर्धेमुर्धे दिसले तर दिसू द्या. गळ्याला टॉवेलऐवजी त्याचाच जुना शर्ट गुंडाळा, आणि मानेवरचे बारीक केस लगेच पुसून घ्या, कारण पुष्कळ मुलांचा खरा राग त्या टोचणाऱ्या केसांवर असतो.

शाळेसाठी एका पानाचे पत्र पुरे. त्याला काय त्रास देते, काय शांत करते, 'पुरे'चा हात दाखवला की पाच मिनिटे व्हरांड्यात जाऊ द्यावे, आणि मागून येऊन हात धरू नये, एवढेच लिहा. गणवेशाच्या मानेवरची पट्टी उसवून टाका. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे, त्यामुळे शाळेने थोडी सोय करावी ही मेहेरबानीची मागणी नाही. तरीही पहिल्या भेटीत कायद्याऐवजी बाईंच्या हातावरच्या चाव्याची चौकशी करा.

गोळीविषयी. ऑटिझमचा गाभा बदलणारे औषध आजमितीस नाही. डॉक्टर जे सुचवत आहेत ते बहुधा तीव्र चिडचिड, स्वतःला किंवा इतरांना इजा करणे यांसाठी असते. त्याचा काही मुलांना खरोखर उपयोग होतो, आणि वजन वाढणे, सुस्ती असे दुष्परिणामही होतात. तब्येतीची तपासणी, वही आणि घरातले बदल यांना दोन-तीन महिने देऊन मग ठरवू का, असे डॉक्टरांना सरळ विचारा आणि जाताना वही बरोबर न्या. त्याने डोके आपटून जखम करून घेतली, किंवा घरात कोणाची रात्रीची झोपच उरली नाही, तर थांबू नका. तेव्हा औषध घेणे ही हार नव्हे. सुरू केलेले औषध, विशेषतः फिटचे, मनाने बंद करू नका.

सासूबाईंशी दृष्टीवरून वाद घालू नका. मीठ-मिरची ओवाळल्याने मुलाचे काही बिघडत नाही. पुडी मात्र पोटात जाऊ देऊ नका. अशा बिननावाच्या पुड्यांत शिसे, पारा यांसारखे जड धातू असू शकतात, आणि ते वाढत्या मेंदूला थेट अपाय करतात. सासूबाईंना दुसरे काम द्या. अंघोळीआधी तेल लावून जोरकस हाताने अंग रगडणे त्यांना माझ्यापेक्षा चांगले येत असेल, आणि मुलाला आवडले तर ते त्यांच्याकडेच राहू द्या. स्टेम सेलचे (मूळ पेशींचे) उपचार किंवा शरीरातले विष काढून ऑटिझम बरा करण्याची हमी देणारे लोक तुमच्यापर्यंत पोहोचतीलच. ऑटिझमसाठी स्टेम सेल उपचारांना आपल्याकडे मान्यता नाही, आणि अशा नादात शेत गहाण पडलेली घरे मी पाहिली आहेत.

दिव्यांग प्रमाणपत्र अजून काढले नसेल तर सांगलीच्या शासकीय रुग्णालयात चौकशी करून काढून घ्या. त्यावर एसटी प्रवासात सवलत मिळते, आणि केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला 1 लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण मिळते, ज्यात थेरपीचा खर्चही काही प्रमाणात धरला जातो.

राहिला रथोत्सव. पुढच्या वर्षी आदल्या दिवशी, रथ उभा असताना, गर्दी नसलेल्या वेळी त्याला दाखवून आणा. ऋषिपंचमीला जायचेच असेल तर जुना धुतलेला सदरा घाला, पोटभर दहीभात खाऊ घाला, कानाला मफ लावा, आणि रथाच्या वाटेपासून दूरच्या एखाद्या घराच्या गच्चीवरून दहा मिनिटे पाहून परत या. तो दिवस तुमच्या डोळ्यांपुढून जात नाही असे तुम्ही लिहिले आहे, तर वहीचे पहिले पान त्याच दिवसाचे लिहा, याच चार रकान्यांत: तो सकाळी किती वाजता उठला होता, काय खाल्ले होते, अंगावरचे कपडे नवे आणि खरबरीत होते का, गुलाल कधी उडाला, ढोल किती जवळ होते, तुम्ही स्वतः किती वाजल्यापासून उभ्या होतात आणि तुमच्या पोटात काय होते. शेवटच्या रकान्यात, त्या दिवशी तो अखेर कोठे आणि कोणाजवळ शांत झाला, ते लिहा. तीन आठवड्यांची पाने झाली की या पानासकट मला पाठवा. ब्लोअरविषयीचा माझा अंदाज बरोबर निघाला की चूक, हे मलाही पाहायचे आहे.